खोकल्यानंतरची फेरी

आधीच सांगून टाकते. भूत, अंगात येणं, साक्षात्कार, स्वप्नात येऊन कोणी काही सांगून जाणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आणि मी बनारसची आहे बरं का! इथे दर दुसऱ्या माणसाच्या काकांना घाटावर कोणी ना कोणी भेटून गेलेलं असतं. आमच्याकडे पाहुणे जमले आणि असल्या गप्पा रंगल्या की मी उठून भांडी घासायला जायचे. भांड्यांचा निदान ढीग तरी कमी होतो.

त्यात माझं काम कॉम्प्युटरचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे आणि ओळखीपाळखीत कुणाचं मशीन बिघडलं की बोलावणं मलाच यायचं. दहापैकी नऊ वेळा बिघाड मशीनमध्ये नसतो, समोर बसलेल्या माणसात असतो — हे माझं ठरलेलं वाक्य. ते मी फार ऐटीत म्हणायचे. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा.

माझे मामा दुर्गाघाटाला राहायचे. आमची मंडळी कोकणातून काशीला कधी आली ते कुणालाच नीट माहीत नाही, पण घरात अजून मराठीच. आता आमच्या मराठीत ‘गली’ असते, ‘चबुतरा’ असतो आणि लाइट जात नाही, ‘बिजली’ जाते, हा भाग वेगळा. मामा यजुर्वेदाचे घनपाठी. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मंत्र सरळ म्हणून जायचा नाही, शब्द पुढेमागे फिरवत म्हणायचा. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, मग उलटी फेरी तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन... आणि असंच पुढच्या शब्दावर. सगळं तोंडपाठ, आणि सोबत उजवा हात स्वराप्रमाणे वर-खाली-आडवा चालतो. का, तर एक शब्द, एक स्वरसुद्धा गळू नये म्हणून.

मी एकदा मामांना म्हटलं, “मामा, आमच्यातही अगदी असंच असतं. फाइल पाठवली की ती बरोबर पोचली का हे तपासायला मशीन उलटसुलट हिशोब करून बघतं.”

मामा तंबाखू मळत म्हणाले, “म्हणजे तुमच्या यंत्राला आता कुठे आमची अक्कल आली म्हण की.”

मामी आतून ओरडली, “यंत्राला अक्कल आहे, म्हणून ते तंबाखू खात नाही!”

मामी म्हणजे चालूच असलेला रेडिओ. घरात ती आहे हे शोधायला लागायचं नाही. पण त्या दिवशी तंबाखूवरून ती जे बोलली तेच पुढे खरं झालं. मामांचा घसा बसला तो बसलाच. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाज मात्र राहणार नाही.

मामा डॉक्टरांना एवढंच म्हणाले, “केशवचं थोडं राहिलंय हो.”

केशव म्हणजे मामांचा शिष्य, वाईचा. लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, पण वर्षातून काही महिने येऊन मामांपुढे बसायचा. त्याचं सगळं शिकून झालं होतं, फक्त शेवटचे काही अध्याय उरले होते. तिकडे त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे ऑपरेशनच्या आधी त्याला येणं शक्य नव्हतं. मग मीच म्हटलं, मामा, आपण रेकॉर्ड करून ठेवू. मामांना यंत्रातून विद्या देणं मुळीच पटत नव्हतं. पण दुसरा मार्ग तरी कुठे होता? मुहूर्त आणि पत्रिका काढायला त्यांच्या एका यजमानाने त्यांना कॉम्प्युटर दिलेला होता, त्यालाच मी माइक जोडला.

रोज सकाळी बसायचो. खिडक्यांना रजया बांधल्या होत्या, कारण खाली पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरचा गलका आणि वरून मशिदीची अजान, दोन्ही आमच्याच खोलीत यायची. पण सगळ्यात मोठा आवाज मामीचा. पहिल्या दिवशी मामा ऐन रंगात आलेले आणि ही मध्येच, “अहो, भाजी भोपळ्याची करू की नेनुआची?” झालं! पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मामांनी आणि मी हात जोडले. रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत अवाक्षर काढू नकोस बाई. बिचारी तेवढा वेळ स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून बसायची.

शेवटचा भाग ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रेकॉर्ड झाला. मामांना धड श्वास पुरत नव्हता. मध्येच त्यांना जोराचा खोकला आला. मी दारातून बघत होते, मामी पाण्याचं लोटीभांडं घेऊन अर्धी उठली... आणि माझ्याकडे बघून पुन्हा खाली बसली. मामा सावरले, पुढे म्हणू लागले, शेवटपर्यंत म्हटलं. संपल्यावर घामाने न्हाले होते. दुसऱ्यांदा म्हणण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं आणि आम्हाला गरजही वाटली नाही.

ऑपरेशन नीट झालं. मामा घरी आले, गळ्यावर पट्टी आणि हातात पाटी-पेन्सिल. मी त्यांना रेकॉर्डिंग कसं लावायचं ते शिकवलं. ते रोज सकाळी कॉम्प्युटरपुढे मांडी घालून बसायचे, स्वतःचा आवाज ऐकायचे आणि त्यांचा हात स्वराबरोबर चालायचा. बघवायचं नाही.

आणि एका सकाळी त्या खोकल्याशी येऊन हात थांबला.

खोकल्यानंतर मामा उलटी फेरी म्हणायला विसरले होते. सरळ पुढच्या शब्दावर गेले होते. मामांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला खुणेने सांगितला, मग पुन्हा. मलाही कळलं, मामीलासुद्धा कळलं. इतकी वर्षं कानावर पडून पडून तिलाही फेऱ्यांची लय ठाऊक होती. दर वेळी खोकला यायचा आणि मामांचा हात तसाच वर राहायचा. त्यांनी पाटीवर लिहिलं — पुसून टाक.

मी म्हटलं, “अहो मामा, एक फेरी तर आहे! छापील पोथीत बघून केशव भरून घेईल.”

त्यांनी लिहिलं — पोथी वाचायला. शिकायला तोंड लागतं. आणि खाली — माझी चूक त्याच्या तोंडी, त्याच्या शिष्याच्या तोंडी. नको.

मामी रडायला लागली. “मी उठले होते हो पाणी द्यायला! तेव्हा दिलं असतं तर त्यांना दम खायला मिळाला असता... नाही चुकले असते.” मी तिला म्हटलं, मामी, उगीच काहीतरी मनात आणू नकोस. पण ती रोज कधी ना कधी तेच बोलायची.

केशव येईपर्यंत मी काही पुसणार नाही, असं मी मामांना ठणकावून सांगितलं. मामांनी ती पाटी तशीच कॉम्प्युटरशेजारच्या खिळ्याला टांगली. पुसून टाक. बोलायला त्यांनी दुसरी पाटी घेतली. तो शेवटचा भाग नाही दिला तर केशवचं शिक्षण अपुरं, आणि दिला तर चुकीचं. दोन्हींकडून कोंडी. मामा जेवेनासे झाले होते.

आता माझा अँटिव्हायरस. हसू नका.

त्याच सुमारास एक व्हायरस पसरला होता. मशीनमध्ये तो गुपचूप बसून राहायचा आणि वैशाखाच्या तोंडाशी एक ठराविक तारीख आली की अख्खी डिस्क साफ. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक लोक धास्तावले होते. मी मामांचं मशीन बघितलं तर लक्षणं दिसलीच. मुहूर्ताचा प्रोग्रॅम यजमानाने कुठून तरी नक्कल करून आणलेल्या सीडीवरचा, त्यातूनच आला असणार. रेकॉर्डिंगची नक्कल काढायला लागणारा सीडी रायटर आमच्या ओळखीत कुणाकडे नव्हता, तो केशव पुण्याहून मागून आणणार होता. तोपर्यंत मामांचा सगळा आवाज त्या एका डिस्कवर.

एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर फुकटचा अँटिव्हायरस होता, तो मी टाकला. पण फुकटचं ते फुकटचंच. तो जुना, त्याला हा नवा व्हायरस ओळखू येईना. अपडेट करायला हवं, अपडेटला इंटरनेट हवं, इंटरनेटला टेलिफोन हवा आणि मामांच्या गलीतली टेलिफोनची तार माकडांनी तोडून खाली लोंबत ठेवलेली. लाइनमन येऊन बघून गेला. म्हणाला, “बहिनजी, तार त जोड़ देब, बानर के के समझाई?” तार जोडेन, पण माकडांना कोण समजावणार!

मग मी पार अस्सी घाटाकडच्या सायबर कॅफेत जाऊन अपडेट उतरवून घेतलं, फ्लॉपीवर भरलं, गल्लीबोळांतून दुर्गाघाट गाठलं. फ्लॉपी वाचली जाईना. पुन्हा गेले, दुसरी फ्लॉपी आणली. या वेळी वाचली, तर डिस्कवर जागा नाही. मामांच्या आवाजाने डिस्क गच्च भरलेली. गेम होते ते काढले, कुठल्या कुठल्या देवांची चित्रं होती ती काढली. मामी म्हणाली, “देव काढून औषध घालतेस, बघ हो!” जागा झाली. तरीही अपडेट घेईना. काय म्हणे, हे अपडेट फार जुनं आहे, मुदत संपली.

जुनं? मी सकाळीच उतरवलेलं! मी मशीन पुन्हा चालू केलं, अँटिव्हायरस काढून पुन्हा टाकला, हरेक युक्ती केली. उत्तर तेच. दुपार झाली, मामी पोळ्या लाटत होती, मामा बाजूला गादीवर बसून माझी फजिती बघत होते. माझं डोकं असं सणकलं होतं की विचारू नका.

आणि मग खालच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे माझं लक्ष गेलं. माघ चालू होता. मशीन वैशाखात होतं.

“मामा, ही तारीख कोणी बदलली?”

मामांनी शांतपणे स्वतःकडे बोट केलं. मग पाटीवर लिहिलं — तिवारींच्या मुलीचं लग्न. मुहूर्त.

मी कपाळाला हात लावला. तो प्रोग्रॅम पंचांग दाखवायचा, पण मशीनवर जी तारीख असेल त्या तारखेचं. म्हणून मामा काय करायचे, तर वैशाखातला मुहूर्त बघायचा असला की सरळ मशीनलाच वैशाखात नेऊन ठेवायचे! एकेक दिवस पुढे सरकवत ग्रह बघायचे. परत आणायचे नाहीत. का? उद्या दुसरा यजमान येणारच आहे ना! जगाच्या पाठीवर हा उद्योग आमच्या दुर्गाघाटालाच सुचू शकतो. मशीनला वाटत होतं वैशाख आलाय, त्यामुळे माझं ताजं अपडेट त्याला शिळं वाटत होतं. बिघाड समोर बसलेल्या माणसात! मला हसूच आलं.

मग तारीख नीट वाचली आणि हसू तिथेच सुकलं. मशीन जिथे उभं होतं ती तीच तारीख होती. व्हायरसची.

“मामा... आज या तारखेवर तुम्ही मुहूर्ताचा प्रोग्रॅम चालवलात?”

मामांनी मान हलवली. हो. सकाळीच.

व्हायरस त्याच प्रोग्रॅममध्ये होता. त्या तारखेला तो चालवला, की डिस्क गेली. यात दुसरं काही होऊच शकत नव्हतं. आणि वर मी स्वतः दिवसभरात ते मशीन कितीदा बंद-चालू केलं होतं! मी आधी तारीख मागे आणली. फ्लॉपी घातली. अपडेट पहिल्या फटक्यात झालं. तपासणी लावली, तर तो व्हायरस डझनावारी फायलींत सापडला, मुहूर्ताच्या प्रोग्रॅममध्ये तर सगळ्यात आधी. सगळं साफ झालं. डिस्क जशीच्या तशी.

नशीब, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रेकॉर्डिंग धड आहेत ना हे बघायला मी एकेक लावून बघितलं. सगळी ठीक. शेवटचा भाग राहिला. तो लावायचं माझ्या जिवावर आलं होतं, कारण मामा समोरच होते. पण लावला. मामांचा हात सवयीने उठला आणि आवाजाबरोबर चालू लागला.

खोकला आला. मामांचा हात वर थांबला.

मग स्पीकरमधून, लांबून, स्वयंपाकघरातून यावी तशी मामी बोलली, “पाणी देऊ का?”

थोडी शांतता. भांडं जमिनीवर टेकल्याचा आवाज. एक घोट. आणि मामांच्याच आवाजात, त्याच बसलेल्या घशाने, उलटी फेरी. तीन-दोन-एक. आणि मग एक-दोन-तीन. आणि मग पुढे, जसं आधी होतं तसं, शेवटपर्यंत.

मामांचा हात कधी चालू लागला ते मला कळलंच नाही. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा तो चालतच होता आणि डोळ्यांतून धारा वाहत होत्या. माझ्या अंगावर काटा आला होता, पण खरं सांगते, भीती नव्हती. सूर्यग्रहण चालू असताना पक्षी गप्प होतात ना, तसं काहीसं मला झालं होतं. आपण फार मोठ्या कशाच्या तरी समोर बसलोय, आणि आपल्याला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही.

मामी दारात उभी होती, हाताला कणीक. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“नंदे,” ती म्हणाली, “मी बोलले नव्हते गं.”

“मला माहीत आहे, मामी.”

“मनात आलं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्ही गप्प बसायला सांगितलं होतं ना... मी बोललेच नव्हते.”

ती तिथेच उंबऱ्यावर बसली. मामा उठले. भिंतीपाशी गेले, खिळ्यावरची पाटी काढली आणि उपरण्याच्या टोकाने ती स्वच्छ पुसली. मग आत गेले, लोटीभांड्यात पाणी घेऊन आले आणि मामीपुढे धरलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःच्या हाताने तिला पाणी दिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मामी हमसून हमसून रडत ते पाणी प्यायली.

केशव आला, नक्कल घेऊन गेला. त्याआधी मामांपुढे बसून तो शेवटचा भाग शिकला. मशीनमधून मामा एकदा म्हणत, केशव दोनदा, आणि मामांचा हात चालत असे. त्या जागी केशवने विचारलं, “गुरुजी, हे मामींचं वाक्य काढून टाकायचं का?” मामांनी इतक्या जोरात नकाराची मान हलवली की पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

आता माझी तपासणी. यजमानाची ती सीडी मी इन्स्टिट्यूटमधल्या एका भंगार मशीनवर चालवली, तीच तारीख लावून. डिस्क जागच्या जागी गेली, पुन्हा उठलीच नाही. मग मामांचं मशीन कसं वाचलं? दुसरी फाइल असेल म्हणाल, तर मामांनी त्या भागाचं रेकॉर्डिंग एकदाच केलं होतं. कोणी जोडकाम केलं म्हणाल, तर मामांना आवाज नव्हता, मामीला माउस धरता येत नव्हता, आणि फाइलवर तारीख ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचीच होती. आम्हा तिघांचा भ्रम म्हणाल... तर जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसाचा हात रोज त्याच जागी उगाच थांबत होता का? कॉम्प्युटरच्या धंद्यातल्या कितीजणांना मी हे सांगितलं. अपडेटच्या अडचणीपर्यंत सगळे माना डोलवतात. पुढचं ऐकलं की चहा मागवतात.

आता मामा नाहीत, मामीही नाही. मी अजूनही कशावर विश्वास ठेवत नाही... असं म्हणते. पण मशीन कितीही बदलली तरी ती एक फाइल मी प्रत्येक नव्या मशीनवर सगळ्यात आधी उतरवते. खोकला येतो, आणि माझा श्वास अडकतो. दर वेळी वाटतं, आता नसेल.

मग मामी विचारते, पाणी देऊ का?